फवाऱ्याची टकटक

बाबा, तुमचं ते पितळी प्रेशर गेज परवा कपाटाच्या वरच्या खणातून खाली काढलं. तुम्ही जाऊन पंचवीसेक वर्षं होत आली आणि माझ्या लग्नाला त्याहून जास्त. एवढ्या काळात मी त्याला फक्त दिवाळीच्या साफसफाईत हात लावला असेल, तोही कुरकुरत. तुम्ही कधी कुणाला साधी भेट दिलीच नाहीत. लोकांच्या मुली सासरी जाताना आईबापांकडून साडी, भांडी, गेला बाजार एखादं घड्याळ घेऊन जातात. मला माझ्या बापानं काय दिलं, तर पाण्याचा दाब मोजायचं गेज! त्याला पुढं ती बाकदार बारीक नळी, आणि सगळं जुन्या पंच्याच्या तुकड्यात गुंडाळून दूध पावडरच्या डब्यात घातलेलं. सासूबाईंना वाटलं ब्लडप्रेशरचं यंत्र आहे. आठवडाभर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, व्याह्यांनी माझी किती काळजी केली बघा. मला त्यांचा भ्रम मोडवेना आणि हसूही आवरेना.

ते खाली काढलं आईमुळं. आई आता माझ्याकडं असते, वारज्याला. शरीरानं ठणठणीत आहे, दोन पोळ्या व्यवस्थित खाते, पण डोक्यातलं एकेक निसटत चाललंय. आधी गॅस चालू राहायला लागला, मग नातवंडांची नावं गेली, आणि गेल्या वर्षी एका सकाळी मी चहा दिला तेव्हा मला म्हणाली, "राहू द्या हो वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता?" मांजरी गावात, तुमच्या शेती संशोधन केंद्राच्या क्वार्टरमध्ये, आपल्या शेजारी राहायच्या ना, त्या वहिनी समजते ती मला. डॉक्टर म्हणाले, सारखी चूक दुरुस्त करत बसू नका, त्यांना त्रास होतो. म्हणून मी वहिनी झाले. पोटच्या पोरीला आई अहो-जाहो करते, बाबा. पहिले काही दिवस मी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडले. मग तेही सुटलं, कारण कामं असतात.

तिला बरं वाटायचं ते एकाच ठिकाणी. आमच्या सोसायटीत तीन इमारती आहेत, मधे बऱ्यापैकी मोठी हिरवळ आणि तिला पाणी द्यायला आठ फवारे. तुमच्या प्लॉटवर असायचे तसलेच: धार बाहेर पडते, एक छोटा हात येऊन त्या धारेवर आपटतो, टक, आणि फवाऱ्याचं तोंड जरासं पुढं सरकतं. टक, टक, टक. संध्याकाळी आईला बाकावर बसवलं आणि तो आवाज सुरू झाला की तिचा चेहरा सैल व्हायचा. मला वाटायचं, मोकळी हवा लागते म्हणून असेल. एकदा ती मला म्हणाली, "आज यांचं काम लांबलंय वाटतं, वहिनी." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मांजरीला आपल्या क्वार्टरसमोरच तुमचा प्रयोगाचा प्लॉट. शाळेतून येऊन मी पायरीवर बसले आहे, आत आई कांदा चिरते आहे, समोरून टकटक ऐकू येते आहे. ती चालू आहे तोवर तुम्ही प्लॉटवर, फवारे तपासत. ती थांबली की आई कांदा तसाच ठेवते, चहाचं आधण चढवते, आणि ते उकळेपर्यंत तुम्ही दारात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि चपलांना हा एवढा चिखल. आईनं कधी घड्याळाकडं पाहिलं नाही. आवाज बंद झाला म्हणजे तुम्ही निघालात, इतकं साधं. आता तिच्या डोक्यातून माझं नाव गेलं, पण हे मात्र जागच्या जागी शाबूत आहे. टकटक चालू आहे म्हणजे तुम्ही इथंच, समोर. हे कळल्यापासून मी खबरदारी घ्यायची, फवारे चालू असतानाच तिला वर घेऊन यायची, म्हणजे तुमची वाट बघायची वेळच तिच्यावर यायची नाही.

आणि या उन्हाळ्यात टकटक बंद पडली. आमच्या बागेला येतं ते सोसायटीचंच सांडपाणी शुद्ध केलेलं, एका जुन्या पंपावर. पंप थकला, दाब उतरला. फवाऱ्याचा हात धारेला टेकायचा आणि तिथंच मान टाकायचा. पाणी एकाच जागी पडत राहायचं आणि बाकीचं गवत वाळून पापडासारखं. मोठा पंप लावून पाहिला, तर जुनी पाइपलाइन सी विंगच्या पार्किंगखाली फुटली आणि कुणाच्या तरी कोऱ्या गाडीला आंघोळ झाली, त्यामुळं तो विषय संपला. मग अध्यक्षांनी प्लंबरला सांगून फवाऱ्यांच्या तोंडाची भोकं ड्रिल मारून मोठी करून घेतली, का तर पाणी जास्त येईल! आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव. आमच्या विंगसमोर आधी का नाही, यावरून इतकी भांडणं झाली होती की सर्वानुमते असं ठरलं: समानतेच्या तत्त्वावर आठही फवारे एकाच वेळी सुरू करावेत. अनुमोदन देणारे तर प्रत्येक विंगमधून एक असे तीन होते. बाबा, तुम्ही हसून हसून खुर्चीतून पडला असता.

मला हसू येत नव्हतं. आवाज नाही म्हणजे तुम्ही निघालात, हे आईचं पक्कं. मग घरी पोचला का नाहीत? ती बाकावरून उठायची, गेटपर्यंत जायची, वॉचमनला विचारायची, "साहेब निघाले का हो? चहा गार होतोय." तो बिचारा म्हणायचा, येतीलच आजी. एक दिवस मी फोनवर बोलत होते तेवढ्यात ती गेटबाहेर पडून सर्व्हिस रोडपर्यंत पोचली होती, पायात चप्पल नाही, रिक्षा कर्कश हॉर्न देताहेत आणि ही पदर सावरत तुम्हाला शोधतेय. तिला हाताला धरून आणलं. बाकावर न्यायचं बंद केलं, तर ती दिवसभर खिडकीशी. रात्री जेवेना. तुमच्या वाट्याची पोळी बाजूला काढून ठेवायला लागली.

अशातच नोटीस लागली की हिरवळ काढून तिथं पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि पार्किंग करायचं, पुढच्या सभेत निर्णय. सी विंगमध्ये एक निवृत्त काका आहेत, आवाज खणखणीत, जिभेला धार. मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, गवताला पाणी नाही, गाड्यांना जागा नाही. उत्तर आपोआप आलेलं आहे, आपण फक्त सही करायची." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, सभेपर्यंत थांबा, आहे त्याच पंपावर ही हिरवळ भिजवून दाखवते. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण भूगोल शिकवत होतात ना?" म्हणाले. मी बोलून तर बसले होते. घरी आले आणि स्टूल घेऊन वरचा खण उघडला.

तुम्ही प्लॉटवर आलेल्या शेतकऱ्यांना सांगायचात ते कानात होतं. ते म्हणायचे, साहेब, दाब कमी पडतोय, मोठा पंप सुचवा. तुम्ही म्हणायचात, "पंप बदलणं हा आळशी माणसाचा उपाय. आधी गाळणी बघा, मग भोक बघा, मग एका वेळी किती उघडून ठेवता ते बघा." पायरीवर बसून मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की पाढ्यासारखं पाठ होतं आणि पाढ्यासारखाच त्याचा अर्थ कधी मनावर घेतला नव्हता. आयुष्यभर फळ्यावर पर्जन्यमान लिहिलं, पण स्वतः भिजून काही मोजलं नव्हतं. आता भिजले. आठही फवारे चालू असताना तुमच्या गेजची नळी धारेच्या तोंडाशी धरली, तर काटा कसाबसा अर्ध्या किलोच्या दाबापर्यंत येऊन बसला. हवा होता दोनच्या पुढं. मग सोसायटीच्या गणपतीच्या प्रसादाच्या स्टीलच्या वाट्या मागून आणल्या आणि एका फवाऱ्यापासून लांबपर्यंत ओळीनं मांडल्या, तुम्ही डबे मांडायचात तशा. काका गॅलरीतून म्हणाले, "मॅडम, शिरा किती वाजता वाढताय?" मी म्हटलं, "तुम्ही ताट घेऊन खाली या, लगेच वाढते." वाट्यांमध्ये आलं काय, तर जवळच्या जवळजवळ कोरड्या, मधल्याही कोरड्या आणि शेवटच्या एक-दोन भरलेल्या. दाब नसला की धार फुटत नाही, तिचे थेंब होत नाहीत, सगळं पाणी एका कड्यात जाऊन पडतं. हे तुम्ही जेवताना सांगायचात आणि मला वाटायचं, बाबांना दुसरा विषय नाही का!

आई बाकावर बसून बघत होती. दोघं-तिघं फिरायला आलेले त्या ओळीतून जायला लागले तशी ही कडाडली, "पाय लावू नका! यांचा प्रयोग चाललाय!" माणसं जागच्या जागी थांबली. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण तुमची मुलं डबे पाडतात हो खेळताना. यांना परत सगळं करायला लागतं." मी म्हटलं, सांगते हं मुलांना.

त्या डब्यांवरूनच तर तुमचं-माझं पहिलं वाजलं. मी दुसरीत-तिसरीत असेन. तुमच्या मागं मागं फिरत होते आणि एका डब्यात डोकावून ओरडले, "बाबा, यात खूप पाणी आलंय!" तुम्ही वळूनही न बघता विचारलंत, "खूप म्हणजे किती?" मी दोन्ही हात पसरून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "असे हात पसरून मी वर साहेबांना दाखवू का?" आणि माझ्या हातात फूटपट्टी देऊन परत पाठवलंत. त्यानंतर जन्मभर तेच. पोट खूप दुखतंय. खूप म्हणजे किती? पेपर खूप अवघड होता. खूप म्हणजे किती? मैत्रिणी नक्कल करायच्या तुमची. मला इतका संताप यायचा! इतर मुलींचे बाप डोक्यावरून हात फिरवायचे, माझा बाप आकडा मागायचा. लग्नात निघताना मी तुमच्या गळ्यात पडून म्हटलं, "मला तुमची खूप आठवण येईल." रडता रडता कान टवकारलेले होते माझे, की आता विचारणार. त्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत. रुमाल काढलात, नाक पुसलंत आणि तो दूध पावडरचा डबा माझ्या हातात दिलात. फार राग आला होता तेव्हा. आता ओल्या गवतात उभी राहून तो काटा थरथरताना बघितला आणि वाटलं, रोज तुमच्या खिशात असायचं हे. याहून जवळचं तुमच्यापाशी होतं तरी काय द्यायला? इतकी वर्षं लागली मला, बाबा.

प्लंबरला बोलावलं. वर्ध्याकडचा माणूस, बिबवेवाडीत खोली घेऊन राहतो, घरी बायको-मुलं. आल्या आल्या भडकलाच, त्याला वाटलं मी ठपका ठेवायला बोलावलंय. "मले अध्यक्षसाहेबांनी सांगतलं भोक मोठं कर, म्हून केलं. माह्या मनानं काही नाही केलं, मॅडम." म्हटलं, ठपका-बिपका काही नाही, चहा घ्या आणि पाना काढा. आधी गाळणी उघडली. आत काळा गाळ असा बसलेला की जाळी दिसतच नव्हती. ती घासून काढली तसा काटा थोडा हलला. मग एका वेळी दोनच फवारे उघडे ठेवले, आणखी हलला. मोठी केलेली तोंडं फेकून बारीक भोकाची बसवायची म्हटल्यावर तो हसायला लागला. "भोक लहान केलं तं काम होते, हे सोसायटीत सांगू नका, येड्यात काढतीन मले." मी सांगितलं की पाणी वाढत नाही, पण आहे तो दाब टिकतो. धारेत घुसून तिला फोडणारा बारीक स्क्रू असतो ना तोंडाशी, तो आत घेतला. फेक कमीच पडणार होती, म्हणून मधल्या कोरड्या जागांत आणखी दोन उभ्या नळ्या घेऊन त्यांवर फवारे बसवले. काटा दीडच्या जरा पुढं जाऊन थांबला आणि पाणी छान बारीक थेंबांनी, जवळ-लांब सगळीकडं सारखं पडायला लागलं. वाट्या बघून मी टाळ्या वाजवल्या, भर उन्हात, एकटीच.

पण टकटक नाही. पाणी पडत होतं, हात अडखळत होता, एकदा टक आणि मग बराच वेळ काही नाही. दुकानदाराकडं गेले तर तो म्हणाला, "मॅडम, जुने कशाला ठेवता? कमी दाबावर चालणारे नवीन आलेत. अगदी शांत, आवाज म्हणून नाही." मी म्हटलं, "मला आवाजच हवाय." काय सांगणार त्याला? तशीच परत आले. शेवटी प्लंबरनं आणि मी मिळून त्या हाताची स्प्रिंग एकेक वेढा सैल करून पाहिली. फार सैल केली की हात लोंबकळायचा, जरा घट्ट केली की हलायचाच नाही. आईला वर ठेवून आले होते, शेजारणीकडं. आणि मग एकदाची लागली. टक. टक. टक. पूर्वीपेक्षा जरा सावकाश, पण अखंड. प्लंबर म्हणाला, "आता झालं समाधान?" मी मान हलवली आणि पाण्याकडं तोंड करून उभी राहिले.

सभेत आधी गोंधळच. मी वाट्या घेऊन गेले होते, मोजून ठेवल्याप्रमाणे पाणी भरून दोन ओळींत मांडल्या, आधीच्या आणि आताच्या, आणि सांगितलं की एकाच वेळी सगळे उघडायचा ठराव रद्द करा आणि पाळ्या लावा. काका उठले, "पाळ्यांना हरकत नाही. पण सी विंग शेवटी असेल तर माझा विरोध लिहून घ्या." म्हटलं, सी विंग पहिली. आता विरोध कशाला करायचा, हे त्यांना सुचेना, ते बसले. वाटीतलं पाणी चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "शिरा नाही, पण मापात आहे." आमच्याकडं यापेक्षा मोठं कौतुक होत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पेव्हर ब्लॉक बारगळले. हिरवळ राहिली.

तुम्हाला सांगायचं होतं ते याच्या पुढचं आहे. सभेनंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी आईला पुन्हा खाली नेलं. फवारा सुरू केला. ती ऐकत बसली, हात मांडीवर, चेहरा पूर्वीसारखा सैल. मी शेजारी. बऱ्याच वेळानं समोर बघत ती म्हणाली, "खूप वेळ लावतात हे." आणि मी काही ठरवलं नव्हतं, बाबा, डॉक्टरांचं सगळं लक्षात होतं, पण तोंडातून निघून गेलं, "खूप म्हणजे किती?" तुमच्याच आवाजात, तुमच्याच त्या खडूस चालीवर. आई गर्रकन वळली. माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता घाबरणार. आणि ती हसायला लागली. पोट हलेपर्यंत हसली, डोळ्याला पाणी आलं तिच्या. माझ्या मांडीवर फाडकन चापट मारली आणि म्हणाली, "अगदी बापावर गेलीस बघ, कार्टे!" मग माझ्या केसांवरचे तुषार पदरानं टिपत विचारलं, "जेवलीस का गं?" मी जेवले नव्हते, पण हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर ती उठून घरी निघाली असती आणि मला ती आणखी थोडा वेळ तिथंच, तशीच हवी होती. वर आल्यावर म्हणाली, "वहिनी, दार लावून घ्या." ते चालेल मला. वर्षभर पुरेल एवढं त्या बाकावर मिळालंय.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही हे मला कळतं. गेजच्या डब्यातही ठेवणार नाही, गेज आता रोज वापरात आहे आणि डबा ओला असतो. फक्त एक गोष्ट तुमच्यापासून लपवून चालायचं नाही. फवाऱ्यांच्या सगळ्या पाळ्या मी सकाळी लावल्यात, तेव्हा वारा नसतो म्हणून, तुमचाच नियम. पण आईच्या बाकाजवळचा एक फवारा मी संध्याकाळीही सुरू करते. कमिटीला सांगितलंय की त्या कोपऱ्यातली माती लवकर सुकते. ती सुकत नाही. संध्याकाळी वारा असतो, बरंचसं पाणी नुसतं फरशीवर उडतं, तुम्ही असता तर मला उभं-आडवं घेतलं असतंत. आई बसलेली असते तोवर चालू ठेवते. किती वेळ, ते मी मोजत नाही.